बिनसाऱ्याची कुळे

हैदराबाद संस्थानच्या महसुली दप्तरात जमिनीच्या जाती मुक्रर असत. पावसावर पिकणारी ती खुश्की, तलावाच्या वा नदीच्या पाण्याखाली भिजणारी ती तरी, आणि विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला, ऊस व फळझाडे पोसणारी ती बागायत. पहिल्या सालारजंगाने 1865 साली जिल्हाबंदी करून कारभाराची घडी बसविली तेव्हापासून पटवाऱ्याच्या लेखणीला या वर्गवारीपलीकडे जाण्याचे फारसे प्रयोजन उरले नाही, आणि जिथे सारा अधिक तिथे सरकारची नजरही अधिक, या न्यायाने बागायतीचा गुंठा न् गुंठा मोजणीत आला. त्या बागायतीत पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून राहिलेल्या, एक छदामही सारा न भरणाऱ्या आणि कोणत्याच खासऱ्यात नाव नसलेल्या कुळांची दखल मात्र दप्तराने कधी घेतली नाही. बुलबुल, होले, शिंपी, मुनिया, सातभाई आणि कोतवाल ही ती कुळे होत. जालन्याच्या मोसंबीची कीर्ती बाजारभावाच्या भाषेत पुष्कळ गायिली गेली. तिच्या आश्रयाने नांदलेल्या पाखरांचा वृत्तांत तिच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, आणि तो सर्वस्वी सुखाचाही नाही.

जालना हे गाव मुळापासून पेठेचे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण येथील सावकारी आणि कापडाच्या व्यापारावरून पडली असावी. 1679 च्या नोव्हेंबरात शिवछत्रपतींच्या फौजेने मोहरा वळविला तो याच सुबत्तेवर. अशा पेठेला फळफळावळ लागते, फळांना पाणी लागते, आणि पाण्याची बेगमी जालन्यात जुनी आहे. जमशीदखानाच्या नावाशी निगडित असलेला मोती तलाव आणि त्यातून शहरात खेळविलेले भूमिगत नळ यांच्या आधाराने गावाभोवती ज्या बागा उठल्या, त्यांची फळे मुंबई-हैदराबादेपर्यंत जात. या बागा विस्ताराने लहान असल्या तरी दाट होत्या. आंबा, जांभूळ, पेरू, लिंबू, अंजीर, सीताफळ अशी मिश्र झाडी, मध्येच फुलांचे वाफे आणि भोवती गचपण, असे त्यांचे रूप. पाखरांच्या दृष्टीने पाहिले तर सात-आठशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस क्वचितच पाहणाऱ्या या उघड्या मुलखात ते एक हिरवे बेट होते. औरंगाबादेची मोगलकालीन हिमायतबाग, जिथे पुढे फळसंशोधनाचे सरकारी केंद्र झाले, ती याच जातीची, केवळ ऐश्वर्याने मोठी.

त्या बेटाबाहेरचा मुलूख कसा होता हे सांगणारा एक साक्षीदार योगायोगाने आपल्याला लाभला आहे. 1803 च्या सप्टेंबरात जिल्ह्याच्या उत्तर भागातील असईच्या रणात शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला, आणि पुढे 1827 च्या सुमारास जालन्याच्या पूर्वेस लष्करी छावणी वसली. त्या छावणीत मद्रासच्या दुसऱ्या हलक्या रिसाल्याबरोबर थॉमस जर्डन नावाचा एक तरुण शल्यवैद्य आला. 1837 साली त्याची या रिसाल्यावर नेमणूक झाली होती, आणि पुढील चारेक वर्षे त्याने दख्खन पायाखाली घातला. सैनिकांच्या जखमा आणि ज्वर यांतून उरलेला वेळ तो पाखरांना देई. त्या हिंडण्यातून निघालेली त्याची दक्षिण हिंदुस्थानच्या पक्ष्यांची सूची 1839-40 मध्ये मद्रासच्या एका नियतकालिकात छापली गेली, आणि 1862 ते 1864 या काळात कलकत्त्याहून निघालेला त्याचा भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथ तर पुढच्या दोन पिढ्यांचा प्रमाणग्रंथ ठरला. त्यात जालन्याचे नाव ठिकठिकाणी भेटते. घोड्यावरून हिंडणाऱ्या या वैद्याच्या डोळ्यांत जो देश भरला तो बागांचा नव्हता. माळढोक, तणमोर, धाविक, चंडोल, तित्तिर, ससाणे अशा उघड्या माळाच्या आणि उंच गवताच्या पाखरांचा तो देश होता. थंडीत परदेशाहून थव्याथव्यांनी उतरणारी गुलाबी भोरडी ज्वारीच्या कणसांवर कशी तुटून पडते, याचीही त्याला चांगली माहिती होती. आणि ही भोरडी आपल्या वृत्तांतात पुढे पुन्हा येणार असल्यामुळे वाचकांनी तिला ध्यानात ठेवावे.

जर्डनचा तो देश आता राहिलेला नाही. माळढोक या जिल्ह्यातून नाहीसा झाला आणि तणमोराचे दर्शन भाग्याचे झाले. हा दोष फळबागांच्या माथी मारणे न्यायाचे नाही, कारण माळ मोडला तो प्रामुख्याने कपाशीने आणि त्यानंतर सोयाबीनने. तथापि ज्या मातीत गवत होते तिथे बारमाही हिरवे झाड उभे राहिले म्हणजे तिथले पक्षिकुळ पालटते, एवढे मान्य करावे लागते. चंडोल गेला आणि बुलबुल आला, या अदलाबदलीला पर्यावरणाची उन्नती म्हणावे की अवनती, याचा निवाडा वाटतो तितका सोपा नाही. उघड्या माळाचे पाखरू दुसरीकडे कुठे जाऊ शकत नाही. बुलबुल तर परसातही राहतो.

जुन्या बागायतीचा प्राण विहीर होती आणि विहिरीचा प्राण मोट. मोटेची व्यवस्था सांडलवंडीची होती हे तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही कबूल केले पाहिजे. बैलजोडी धावेवरून उतरे, चामड्याची मोट वर येऊन थारोळ्यात उलटे, आणि तिथून पाणी मातीच्या पाटांतून झिरपत, फुटत, रेंगाळत वाफ्यापर्यंत पोचे. वाटेत त्यातले किती जिरले याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. पाखरांचा हिस्सा त्या बेहिशेबीतून निघत असे. पाटाच्या ओल्या काठावर हिवाळ्यात धोबी शेपटी हलवीत फिरे, हुदहुद आपल्या लांब चोचीने ओली माती उकरी, दुपारच्या उन्हात साळुंक्या थारोळ्यात अंग भिजवीत. कच्च्या विहिरीच्या दरडीत खंड्याची बिळे असत, बांधीव विहिरीच्या कपारींतून पारवे घुमत, आणि विहिरीवर कललेल्या बाभळीच्या फांद्यांना सुगरणीचे खोपे लोंबत, कारण खाली पाणी असले की साप आणि मांजर यांचा वावर आपोआप कमी होतो. विहिरीचे तोंड, पाटाचे काठ, कुंपणाची बोर, कोपऱ्यातली चिंच, बांधावरची बाभूळ या सर्वांना पीक म्हणून किंमत नव्हती; आणि बागेतील पक्षिजीवनाचा निम्म्याहून मोठा भाग या बिनकिमती जागांवर उभा होता, असे माझे मत आहे.

मोसंबी या मातीची मूळची रहिवासी नव्हे. मोझांबिकशी नाते सांगणारे हे फळ विसाव्या शतकात दख्खनच्या काळ्या आणि मुरमाड जमिनीत रुजले. 1900 च्या सुमारास मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची छोट्या मापाची रेल्वे जालन्यावरून धावू लागली होती, त्यामुळे नाशवंत मालाला दूरची गिऱ्हाइके मिळण्याचा मार्ग आधीच खुला झाला होता. खरा विस्तार मात्र स्वातंत्र्यानंतरचा. 1948 च्या पोलिस कारवाईने निजामी संपली, तेलइंजिने व पुढे विजेच्या मोटारी आल्या आणि मोट अडगळीत गेली. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला 1965 साली बसून 1976 साली त्याचे लोकार्पण झाले आणि त्याच्या डाव्या कालव्याने अंबड, घनसावंगी, परतूर या भागांतील विहिरींनाही झिरपा दिला. 1981 च्या 1 मे रोजी औरंगाबाद जिल्ह्याचे तालुके आणि परभणीचा परतूर मिळून जालना जिल्हा निर्माण झाला. 1990 साली रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग लागवडीच्या सरकारी योजनेने तर ज्याच्या विहिरीला चार महिने पाणी, त्यालाही बाग लावण्याचे धैर्य दिले. जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा मिश्र झाडीच्या त्या जुन्या बागा स्मृतीतूनही बहुतेक गेल्या होत्या, आणि त्यांच्या जागी 6 मीटर बाय 6 मीटर अंतरावर, हेक्टरी 277 झाडांच्या हिशेबाने, एकाच जातीची, एकाच वयाची, एकाच उंचीची झाडे रांगेने उभी होती.

एकसुरीपणाचा इतका कडेलोट झाल्यावर तिथे पाखराने राहावे कशाला, असा प्रश्न पडेल. फळासाठी तर ते राहत नाही. मोसंबीची साल जाड आणि तेलकट. पेरू आणि डाळिंब यांची राखरांगोळी करणारा पोपट धडधाकट मोसंबीकडे सहसा पाहत नाही. पाखराला मोलाची असते ती झाडाची घडण. मोसंबीचे झाड बारमाही पानांचे, बुटके, घेरदार आणि आतून काटेरी गुंतागुंतीचे असते. एप्रिल-मे महिन्यांत भोवतालची बाभूळ निष्पर्ण आणि शेत करपलेले असते तेव्हा याच्या पोटात गार काळोख असतो, आणि शिक्र्याला तिथे पंख पसरून शिरता येत नाही. होला त्या काळोखात चार काटक्या आडव्यातिडव्या टाकून, खालून पाहिले तर अंडी दिसावीत असे विरळ घरटे घालतो आणि त्यावर निर्धास्त बसतो. ठिपकेदार मुनिया काट्यांच्या बेचक्यात गवताचा ओबडधोबड गोळा कोंबते. शिंपी बाहेरच्या अंगाची दोन पाने कोळिष्टकाच्या आणि कापसाच्या धाग्याने शिवून त्यांच्या द्रोणात पिलांचा बिछाना करतो. कपाशीचे शेत शेजारीच असल्यामुळे जालन्याच्या शिंप्याला धाग्याची ददात नाही.

बुलबुलाचे घरटे पाहायचे असेल तर आंबिया बहाराच्या दिवसांत पाहावे. डिसेंबरात बागेचे पाणी तोडून झाडांना ताण दिला जातो, पाने पिवळी पडून बरीचशी गळतात, आणि जानेवारीत हलके पाणी देऊन ताण सोडला की फांदीफांदीतून नवती फुटते व पाठोपाठ पांढऱ्या फुलांचा घमघमाट सुटतो. झाड असे पुन्हा भरू लागले म्हणजे छातीच्या उंचीवर, तीन फांद्यांच्या बेचक्यात, बारीक मुळ्या आणि सुके देठ गोल वळवून, बाहेरून कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेली, तळहातात मावेल एवढी वाटी तयार होते. आत फिक्या गुलाबी रंगावर तांबूस-जांभळ्या शिंतोड्यांची दोन-तीन अंडी असतात. सुमारे दोन आठवड्यांनी पिले बाहेर येतात, आणि फळे खाऊन जगणारा म्हणून बदनाम असलेला हा पक्षी त्या दिवसांत चोचीतून अळ्या आणि किडे आणू लागतो. पिलाच्या अंगी मांस धरायचे तर किडा लागतो. नवतीवर नागअळी असते, सायला असतो, पाने कुरतडणारी लिंबाच्या फुलपाखराची अळी असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हाच काळ फवारणीचा. पाठीवरच्या पंपाने वा ट्रॅक्टरच्या ब्लोअरने औषधाचा मारा नेमका याच नवतीवर, म्हणजे याच घरट्याच्या छपरावर होतो, आणि पिलांच्या तोंडचा घास एक तर नाहीसा होतो किंवा विषारी होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाने 2011 साली एंडोसल्फान बंद झाले. त्याच्या जागी आलेल्या औषधांची नावे पाठ करण्यापूर्वीच ती बदलतात.

पाखरे बागेची कीड किती खातात हा प्रश्न आपल्याकडे भावनेच्या अंगाने विचारला जातो. हॉलंडातील सफरचंदाच्या बागांत रामगंगेच्या जातीच्या पक्ष्यांसाठी लाकडी पेट्या टांगून पाहणी झाली आणि पिले वाढविणाऱ्या जोड्यांमुळे अळीचे नुकसान घटते असा निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे हरभऱ्यात आणि तुरीत इंग्रजी टी अक्षरासारखे पक्षिथांबे रोवण्याची शिफारस कृषी खाते करते, आणि त्यांवर बसून कोतवाल व साळुंकी घाटेअळी टिपतात हे बदनापूरच्या तूर संशोधनाच्या पंचक्रोशीतील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मोसंबीत मात्र हा हिशेब गुंतागुंतीचा आहे. ज्या शत्रूपुढे बागाईतदार हतबल होतो तो रसशोषक पतंग रात्री येतो, आपली टोचणीसारखी सोंड पिकत आलेल्या फळात खुपसतो, आणि सकाळी फळांचा सडा पडलेला असतो. दिवसा हिंडणाऱ्या पाखराचा तिथे इलाज नाही, पिंगळ्याने टिपले तर तेवढेच. त्यातही कठीण गोष्ट अशी की या पतंगाची अळी मोसंबीवर वाढतच नाही. ती वाढते गुळवेल आणि वासनवेल यांवर, म्हणजे कुंपणात माजणाऱ्या वेलींवर. ज्या कुंपणाने पाखरे पोसली त्याच कुंपणाने पतंगही पोसला. यास्तव बागेभोवतीच्या या वेली काढून टाका असा सल्ला शास्त्रज्ञ देतात, तो रास्तच आहे. पण सांगणाऱ्याने ‘वेली काढा’ म्हटले की ऐकणारा जेसीबी बोलावतो आणि बोर, बाभूळ, हिवर, चिल्हार यांच्यासकट सगळे कुंपण अर्ध्या दिवसात भुईसपाट करून तारेच्या जाळीचे माप घेतो.

द्राक्षाची तऱ्हा निराळी. जालना तालुक्यातील कडवंची या गावाने 1996 पासून, भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखाली आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साह्याने, बांधबंदिस्तीतून पाणी अडविले आणि पुढे शेततळ्यांच्या बळावर माळरानावर द्राक्षाचे मांडव उभे केले. हा पराक्रम निर्विवाद आहे. पण द्राक्ष हे पाखरांचे उघड निमंत्रण असते, आणि घड भरण्याचा फेब्रुवारी-मार्चचा काळ म्हणजे भोरडीच्या परतीच्या प्रवासाआधीचा काळ. जर्डनच्या वेळी तिला सारा मुलूख ज्वारीने भरलेला सापडे. गोफण घेऊन माळ्यावर उभी असलेली राखणदारीण हे त्या काळचे नित्याचे दृश्य होते. ज्वारीचे रान आकसले तशी भोरडी दुसरीकडे वळली, यात तिचा गुन्हा कोणता? पूर्वी तिला हाकलण्यासाठी डबे वाजत, मग चकाकणाऱ्या फिती लागल्या, आता मांडवावर जाळी येते. जाळीचा डोळा बारीक आणि ती ताणून बांधलेली असेल तर पाखरू तिला आपटून परत फिरते. सैल सोडलेल्या जाळीत मात्र मुनियेपासून पिंगळ्यापर्यंत कोणीही अडकते आणि ते सोडविण्याइतकी सवड काढणीच्या धांदलीत कुणाला नसते.

शेततळ्याविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. मोटेच्या थारोळ्याची जागा घेणारे हे पाणी दिसते विपुल, परंतु 500 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरलेल्या त्याच्या उतारावर चिखल नाही, गवत नाही, पाय रोवायला जागा नाही. धोबी तिथे फिरकत नाही, आणि तहानेने आत उतरलेला ससा घसरला तर वर येत नाही. ठिबकाच्या नळ्यांनी पाटांचे काठ सुकविले. पाण्याची जी बचत झाली ती नाकारणारा मनुष्य मराठवाड्यात राहिलेला नसावा. पण मोटेच्या गळतीवर जगणाऱ्यांचा वाटा त्या बचतीत गेला, हेही खरे.

आणि तरीही बागेवाचून पाखराचे काय होते हे या जिल्ह्याने पाहिले आहे. 1972 च्या दुष्काळाची आठवण म्हातारी माणसे सांगत, पण फळबागांचा खरा संहार 2012-13 च्या अवर्षणात झाला. विहिरी आटल्या, कूपनलिका आटल्या, लोकांनी टँकर विकत घेऊन बुंध्याशी बादल्या ओतल्या, पाने कमी व्हावीत म्हणून फांद्या छाटल्या, बुंध्यांना बोर्डोचा लेप देऊन आळ्यांत उसाचे पाचट अंथरले. आणि वीस-वीस वर्षे लेकराप्रमाणे वाढविलेली झाडे अखेर कुऱ्हाडीने तोडून जळणाच्या भावाने दिली. ती तोड उन्हाळ्यात झाली, म्हणजे होले व बुलबुल यांच्या विणीच्या ऐन भरात. पुढे पाऊस झाला, लागवड पुन्हा झाली, परंतु मोसंबीच्या रोपाला घरटे पेलण्याजोगा घेर यायला चार-पाच वर्षे लागतात. त्या मधल्या काळात पाखरांनी जे आसरे धरले ते गावकुसाजवळच्या चिंचा, मंदिरामागचे पिंपळ आणि जी काही जुनी कुंपणे वाचली होती ती.

कुंपणांची संख्या दरवर्षी घटते आहे, आणि तिच्या मुळाशी पतंगाची भीती किंवा शास्त्रज्ञांचा सल्ला फारसा नाही. वाटण्यांनी जमिनीचे तुकडे झाले आहेत. बोरी-बाभळींचा सहा-सात हात रुंद पट्टा राखायचा म्हणजे मोसंबीची एक रांग सोडायची, आणि ती रांग दोन भावांपैकी कुणी सोडायची यावर बोलणे थांबते. मग मोजणीचा अर्ज तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात पडतो, मोजणीदार येतो, हद्दीच्या निशाण्या रोवतो, आणि त्या निशाण्यांच्या सरळ रेषेत जे जे उभे असेल ते पुढच्या पेरणीपूर्वी निघून जाते. बांधावरच्या ज्या बाभळीखाली दोन्ही घरची माणसे दुपारची भाकर खात, तिच्यावर सुगरणीचे खोपे आहेत की नाहीत, हे विचारण्याचा रकाना त्या अर्जातही नाही.